मुठीतले खडे

आमच्या रिंकवर दोन गोष्टी साठत जातात, स्केटची झिजलेली चाकं आणि किस्से. दोन्ही टाकवत नाहीत. चाकं पोत्यात भरून ठेवलीत, किस्से मात्र चहाला बसलं की निघतातच!

मी नगरला पोरांना फिगर स्केटिंग शिकवतो म्हटलं की समोरचा विचारतो, "बर्फ कुठंय?" अहो, नगरमध्ये बर्फ रसवंतीवर! आमची पोरं सिमेंटवर, चार चाकांवर, संगीताच्या तालात उड्या आणि गिरक्या घेतात. एवढासा खडा चाकाखाली आला तरी तोंडावर आपटतात. म्हणून रोज अख्खी रिंक झाडायची आणि मग मी अनवाणी फिरून तळपायानं तपासायची, असा आमचा नियम आहे.

* * *

एका स्पर्धेत प्रमुख पाहुण्यांनी नेमका रिंकच्या मधोमध नारळ फोडला! पाणी, करवंटीचे तुकडे, सगळं पसरलं. आम्ही फडकी घेऊन धावेपर्यंत आमच्या ओंकारचं संगीत सुरूसुद्धा झालं. पहिल्याच वळणावर तो घसरला, तो थेट पाहुण्यांच्या पायाशी.

पाहुणे गहिवरले, "अरे, पाया कशाला पडतोस! यशस्वी हो!"

* * *

हा ओंकार काष्टीचा. त्याला टिकल्यांचा जांभळा शर्ट हवा होता. गावच्या टेलरनं शिवला झकास, पण छातीवर खिसा!

ओंकार चिडला, तर टेलर म्हणाला, "खिसा न्हाई तर मोबाईल कुठं ठिवनार?"

स्पर्धा दुसऱ्याच दिवशी होती, उसवायला वेळ नव्हता. पठ्ठ्यानं गिरकी संपवून त्या खिशातनं रुमाल काढला, तालात कपाळ पुसलं आणि रुमाल परत ठेवला. परीक्षकही हसले. आता तो प्रत्येक शर्टाला खिसा लावून घेतो!

ओंकारचं असं सगळं खपून जायचं. वैभवचं नाही.

* * *

वैभव देवळाली प्रवराचा, एकोणीस वर्षांचा, घरी ऊस. गिरकी घेताना त्याचे हात अलगद उघडायचे, बोटं शेवटपर्यंत लांबायची. बघता बघता मी शिकवायचं विसरायचो.

जिल्ह्याच्या स्पर्धेत एक परीक्षक माईक चालू असतानाच म्हणाले, "हा हात पोरीसारखे कशाला फिरवतोय?" सगळे हसले. वैभवचे वडील, भाऊसाहेब, तिथंच उभे होते.

मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "सर, भावकी हसती. राज्याच्या निवडीत पोरगं बसलं तर ठीक, न्हाईतर चाकं बंद."

त्या परीक्षकाला मी एक शब्द बोललो नाही. त्याची मला अजून लाज वाटते. बोललो ते वैभवला! "मुठी आवळायच्या, छाती पुढं काढायची." आणि सरावाला त्याच्या दोन्ही मुठींत एकेक खडा दिला. मूठ उघडली की खडा पडणार, म्हणजे चूक कळणार. रोज रिंकवरचे खडे वेचणारा मी!

* * *

आठवड्याच्या आत व्हायचं ते झालं. उडीत त्याचा उजवा हात उघडला, खडा पडला आणि उतरताना चाक नेमकं त्यावर आलं. हनुवटीला चार टाके. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी उभा होतो.

डॉक्टर त्याला म्हणाले, "डावी मूठ सोड बाळा, झालं आता."

त्यानं सोडली. खडा आत होता!

"सर, ह्यो न्हाई पडू दिला," वैभव म्हणाला.

* * *

निवडीच्या दिवशी भाऊसाहेब कठडा धरून उभे होते. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. मी त्यांच्या शेजारी. वैभवचं नाव पुकारलं, तसा तो माझ्यापाशी आला आणि माझ्या दोन्ही तळहातांवर एकेक खडा ठेवला.

"सर, आज तुमी धरा."

तेवढ्यात संगीत सुरू झालं. पहिल्याच गिरकीत त्याचे हात उघडले, बोटं पार शेवटपर्यंत गेली. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग ती उडी आली, टाके पडले होते तीच. वैभव एका पायावर उतरला, हात पसरून, जराही न हलता. मागचा हसणारा गप्प झाला.

संगीत थांबलं. गुण अजून लागायचे होते. भाऊसाहेब एकटेच जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. मग माझ्याकडं वळून ओरडले,

"सर, वाजवा की टाळ्या! मुठी कशापायी आवळल्यात?"