हडळीची तिसरी ट्रायल

माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, हिंजवडीला नोकरी करते. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ऑफिसातल्या दहाबारा जणांना तिनं रावेतच्या आमच्या फ्लॅटवर बोलावलं. पार्टी भुताखेतांची. भिंतीवर कापसाची कोळिष्टकं, दारात लिंबू-मिरच्यांची माळ, आणि पेल्यांत भीती वाटेल अशी कॉकटेलं. कॉकटेलांचं काम माझ्याकडे आलं.

"पप्पा, तुम्ही रंगवाले आहात. रंग, थर, धूर, सगळं तुम्हालाच जमणार."

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, पेंट शॉपच्या लॅबमध्ये आहे. रंग किती पातळ करायचा, कुठली छटा जुळते, कुठला पार्ट परत पाठवायचा, हे ठरवायचं माझं काम. त्यामुळे मुलीचं म्हणणं मला मनापासून पटलं. एवढी वर्षं घरात माझ्या नोकरीचा उपयोग दाराला रंग देण्यापलीकडे कुणालाच झाला नव्हता.

तिनं मोबाइलवर चित्रं दाखवली. वटवाघळं, कवट्या, परदेशी रक्तपिपासू. मी म्हटलं, आपल्याकडे भुतं काय कमी आहेत? आणि आईला विचारायला गेलो.

आई चाकणच्या पलीकडच्या गावची. आम्ही बौद्ध. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"भूतबित काय नसतंय. आमी देव सोडलं तवा भुतं बी सोडली."

"माहीत आहे गं. नुसतं पार्टीसाठी."

"पार्टीसाठी व्हय?" असं म्हणून तिनं मांडी नीट घातली आणि पुढचा तासभर हडळ, मुंज्या, वेताळ आणि चकवा यांची इतकी बारीक माहिती दिली, की सोडलेली भुतं तिनं कुठंतरी नीट घडी घालून ठेवलेली असावीत. हडळीचे पाय उलटे. मुंज्या पिंपळावर. चकवा दिसत नाही, वाट चुकवतो. मी लिहून घेत होतो.

"ह्यात दारू घालणार का रं?" तिनं सहज विचारलं.

"मी नुसतं सरबत करून देणार. मुलं आपापलं काय घालतील ते घालतील."

हे खोटं होतं. ते किती जुनं होतं ते सांगायला हवं. माझे वडील पिंपरीत कामगार होते आणि दारूनं गेले. त्या दिवशी आईनं माझा हात धरून शब्द घेतला होता. चौदा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी तो पाळला. मग निगडीतल्या एका मित्राच्या गच्चीवर महिन्यातून दोन शनिवार 'मीटिंग' सुरू झाली. बायकोला माहीत होतं, मुलीला अंदाज होता, आईला काही माहीत नाही अशी माझी समजूत होती. आणि रोज सकाळी आईशेजारी उभा राहून मी पंचशील म्हणत होतो. त्यातलं पाचवं मद्याचं, तिथं मला नेमका खोकला यायचा.

तर त्या आठवड्यात संध्याकाळी कामावरून आलो की मी बाल्कनीत बसायचो आणि ट्रायल घ्यायचो. खरं सांगतो, इतका आनंद मला पेंट शॉपमध्ये कधी झाला नव्हता. मुंज्या सोपा निघाला. शहाळ्याचं पाणी, जिन, आणि डबाबंद लिचीत काळा मनुका खोचून केलेला डोळा. वेताळाला रम, गूळ आणि कोला, म्हणजे तो आपोआप काळा. त्याला धूर हवा म्हणून कोरडा बर्फ आणायचा, पण तो पेल्यात घालायचा नाही, बाहेर परातीत गरम पाण्यात सोडायचा, असं मी मुलीला तीनदा बजावलं. चकवा म्हणजे नुसतं लिंबूपाणी, गाडी चालवणाऱ्यांसाठी.

हडळीनं मात्र दम काढला. तळाला कोकमाचा दाट पाक, वर लिंबू आणि वोडका, चमच्याच्या पाठीवरून सावकाश ओतायचं म्हणजे थर फुटत नाही. आणि पेल्याच्या काठावरून बीट आणि मधाचं रक्त खाली ओघळायला हवं. ते अर्ध्यावर थांबायला हवं. रंगाला ओघळ आला म्हणून बावीस वर्षं मी पार्ट परत पाठवले, पोरांना झापलं. आता मुद्दाम ओघळ आणायचा होता आणि तो येत नव्हता. मध जास्त झाला की जागचा हलत नसे, बीट जास्त झालं की सरळ तळाला.

ट्रायल घ्यायची म्हणजे नोंद आली. आमच्याकडे शिकवतात, जे केलं ते लिही. मी तक्ता आखला, मापं, निरीक्षण, शेरा, खाली सही. लॅबमध्ये असा कागद मशीनशेजारी लटकवतात, म्हणून मी तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मुलीला मापं मोबाइलवर वेगळी पाठवली. मी तोंडानं सहज खोटं बोलू शकतो, वर सांगितलंच. पण ट्रायलच्या कागदावर खोटं लिहायला माझा हात वळत नाही. हे माझ्या त्या आठवड्यात लक्षातच आलं नाही.

शनिवारी सातला मंडळी आली. एकानं अंगभर क्रेप बँडेज गुंडाळलं होतं आणि त्याला बसता येत नव्हतं. एकीनं चपला उलट्या घातल्या होत्या. आई सोफ्यावर पांढरी साडी नेसून बसली होती, ती नेहमीचीच, पण तिच्या वेशाचं सगळ्यांनी कौतुक केलं. तिनं चकवा घेतला, त्यात एक डोळा टाकून मागितला.

मी खाली कोरडा बर्फ घ्यायला गेलो. वर आलो तेव्हा मुलीचे हात बीट-मधानं बरबटलेले होते, आणि तिचा मोबाइल गाणी वाजवत हॉलमध्ये होता.

"आजी, कपाटाच्या दारावर पप्पांचा कागद आहे. हडळीत काय काय, वाच ना जरा."

आईला मोठ्यानं वाचायला आवडतं. गावात चौथीपर्यंत शिकली, ती अजून दुकानांच्या पाट्यासुद्धा मोठ्यानं वाचते. तिनं चष्मा सारखा केला. मी खोका हातात घेऊन दारात.

"हडळ. ट्रायल एक. कोकम तीस, वोडका तीस. ओघळ तळाला जातो. चव पातळ."

"आई, राहू दे, मी सांगतो..."

"थांब रं, वाचतीय मी. ट्रायल दोन. वोडका पंचेचाळीस. ओघळ हलत नाही. नेहमीपेक्षा हलकी वाटली." ती थांबली. "नेहमीपेक्षा," तिनं पुन्हा वाचलं.

बँडेजवाला हसू दाबत भिंतीला टेकला.

"ट्रायल तीन. वोडका साठ. ओघळ अर्ध्यावर थांबतो. चव उत्तम. खात्रीसाठी पुन्हा घेतली. निकाल तोच. मंजूर."

घर हसण्यानं फुटलं. "काका, खात्रीसाठी!" "भावा, निकाल तोच!" कुणीतरी शिट्टी मारली. आईनं खालची सहीसुद्धा वाचली. मग चष्मा काढून नातीला म्हणाली, "बाप साठ म्हणतोय. घाल."

हडळ अप्रतिम झाली. ओघळ बरोबर अर्ध्यावर थांबला, सगळ्यांनी फोटो काढले. मी एकही थेंब घेतला नाही. आई शेवटपर्यंत सोफ्यावर बसून पोरांना चकव्याच्या गोष्टी सांगत होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती, की बघत होती, मला ठरवता येईना.

रविवारी सकाळी तिनं नेहमीसारखी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली. मी शेजारी उभा राहिलो. पहिली तीन शीलं झाली. चौथं झालं आणि ती थांबली.

"ह्याचा अर्थ काय रं?"

"खोटं बोलणार नाही."

"आन फुडच्याला तू खोकतूस. बारा वरीस झालं."

माझे हात जोडलेलेच राहिले. "तुला माहीत होतं?"

"तुझ्या बापासंगं चाळीस वरीस काढली म्या. मला वास कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून." ती मूर्तीकडं बघत होती. "बारा वरीस वाट बघितली. आन सांगितलंस कुठं, तर कपाटाच्या दारावर."

मी म्हणालो, सोडतो, आजपासून सोडतो. मला ते तेव्हा खरंच वाटत होतं.

"आता लगीच आनिक एक नगं," ती म्हणाली. "पाचवं तुला झेपंल तवा म्हण. पर चौथं मोडून पाचवं म्हणू नगंस माझ्याम्होरं."

तेव्हापासून मी चार म्हणतो. पाचव्याला मी गप्प उभा राहतो आणि ती एकटी म्हणते, जरा चढ्या आवाजात. खोकण्यापेक्षा हे पुष्कळ अवघड आहे. गेल्या शनिवारी निगडीला जाताना चपला घालता घालता म्हणालो, "आई, गच्चीवर चाललोय. एक घेणार आहे."

ती मेथी निवडत होती. "दोन झाल्या तर दोन सांग," म्हणाली.

दोन झाल्या. सकाळी ती मेणबत्ती लावायच्या आत मी सांगितलं.