धरणारे तात्या, सोडणारे भाई

गप्प बसायला जमलेल्या माणसांचे इतके किस्से साठतील, असं वाटलं नव्हतं! ऐंशीच्या दशकात मी मालवणला बँकेत कारकून होतो. सकाळी रिटायर्ड हेडमास्तर तात्यांच्या पडवीत आम्ही चारपाच जण ध्यानाला बसायचो. नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, एवढंच तंत्र.

भाई तात्यांचे शाळासोबती. जन्मभर बोटीवर इंजिनात नोकरी केलेले. दोघंही ध्यानात मुरलेले. एक दिवस भाईंनी जाहीर केलं, "तात्या, माझा आता श्वासबिस बघणा बंद. बंदर इला की इंजिन बंद करूचा लागता!"

"बंदर येऊ तर दे! तू भर समुद्रात बंद केलंस!"

*

दुसऱ्या दिवशी भाई तंत्राशिवाय नुसतेच बसले. थोड्या वेळानं पडवी घुमायला लागली. तात्यांनी त्यांना हलवलं, "भाई, घोरतोयस!"

"मी खंय घोरतंय? घोरणा आपसूक होता!"

*

तात्या ईर्षेला पेटले. चालतानाही तंत्र! पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं. पेन्शनच्या कामाला ओरोसला जायचं होतं. स्टँडवर येष्टी निघायच्या बेतात. कंडक्टर ओरडला, "गुरुजी, बेगीन येवा! पाय दुखतत काय?"

"दुखत नाहीत. बघतोय!"

"मगे बघा सावकाश!" म्हणत त्यानं डबल बेल मारली.

*

खरं कोणाचं, हे मी तात्यांच्या बायकोला, शालूवैनींना विचारलं.

"माका दोघांचाय पटता. धरा नायतर सोडा, पण डोळे मिटून गप बसा. तेवढ्यात माझा जेवण होता!"

*

पुढे थट्टेचं भांडण झालं. तात्या "आळशी" म्हणाले, भाई "हट्टी" म्हणाले, आणि बोलणंच बंद! बसायचे मात्र त्याच पडवीत, दोन टोकांना, भिंतीकडे तोंड करून. आम्हाला फार वाईट वाटायचं.

एका सकाळी शालूवैनी बाजारातून जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, घेऊन आल्या आणि पिशवी पडवीत ठेवून पाणी प्यायला आत गेल्या. त्यातली एक थोरली कुर्ली बाहेर पडली, तिरकी तिरकी तात्यांपाशी गेली आणि तिनं नांगीत त्यांचा अंगठा धरला.

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. कपाळावर घाम. दात आवळून पुटपुटत राहिले, "वेदना आहे... वेदना आहे..."

भाई वळले. बघितलं मात्र, त्यांना राहवेना. अबोला विसरून ओरडले, "तात्या, सोड रे आता ता तंत्र!"

"मी कधीच सोडलंय!" तात्या किंचाळले. "तिका सांग सोडूक!"