बरं नाही

माझ्या ताईला देवाने तोंड दिलं ते फक्त ‘बरं’ म्हणायला.

शहराच्या पाणीपुरवठा खात्यात ती तक्रारींचे फोन घेते. खोलीला खिडकी नाही. कानाला हेडफोन, आणि पलीकडे नळ कोरडा म्हणून भडकलेला कुणीतरी. त्याने आईमाईचा उद्धार केला की ताई म्हणते, “बरं. पत्ता सांगा.” खात्यात तिचं नावच पडलंय बरंबाई. घरीही तेच. सासू बोलली, बरं. नवरा बोलला, बरं.

मग तिचे हात थरथरू लागले. छातीत धडधड, झोप उडालेली, कानात सतत घंटी. सगळ्या तपासण्या झाल्या, निघालं काहीच नाही. “नसती थेरं,” सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना मात्र कळलं. हा ताणाचा आजार आहे, म्हणाल्या. गोळ्या दिल्या, रजा घ्यायला लावली आणि वर सांगितलं, “रोज सकाळी झाडांत जाऊन बसा. फोन घरी ठेवा. ही काही जादू नाही, वेळ लागेल.”

तळ्यामागच्या मोठ्या बागेत मी तिला सोडायला-आणायला जायचे. ती फाटकाकडे तोंड करून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसायची, बँकेत नंबर लावल्यासारखी. पक्षी ओरडला की हात कानाकडे. त्यात एक पेन्शनर आजोबा शेजारी बसून सुनेची गाऱ्हाणी सांगू लागले. ताई आपली “बरं, बरं.” मी पोचले तेव्हा ती त्यांना पत्ता विचारायच्या बेतात होती. तिला उठवलं आणि पार आत, जिथे बाकडंच नाही अशा एका झाडाखाली नेऊन बसवलं.

तिथे हळूहळू काहीतरी सुटायला लागलं. एकदा गेले तर बाईसाहेब चपला काढून, पाय मातीत रुतवून मुंग्या बघत बसलेल्या. हात मांडीवर स्वस्थ.

“अगं, मघाशी घंटी थांबली होती,” ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी तिला चपला हरवशील म्हणून उगाच रागावले.

आणि नेमका त्याच आठवड्यात साहेबांचा फोन. तो येणार हे माहीत होतं. काय बोलायचं ते मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं: साहेब, मला अजून बरं नाही.

“काय, आता कसं वाटतंय?” साहेबांनी विचारलं.

“बरं...” ताई म्हणाली, आणि सवयीने थांबली.

“वा! मग सोमवारी या.” फोन ठेवलासुद्धा.

आपल्या भाषेत ‘नाही’ शेवटी येतं, आणि शेवटपर्यंत ऐकून घेणारा साहेब कुणाला मिळालाय?

“परत फोन लाव,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली, आणि लावला नाही. कामात मन रमतं, असं भावोजींनी मला ऐकवलं. तोंड उघडलं असतं तर त्या घरात माझं येणं-जाणं बंद झालं असतं.

सोमवारी ती कामावर गेली. सकाळची पाळी, म्हणजे बाग संपली. आता ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरते, तरी बशीत सांडतो. विचारलं की म्हणते, बरं आहे. मला तिच्यासाठी भीती वाटते.

शेवटी मी तक्रारीच्या नंबरलाच फोन केला. तिचा आवाज ऐकू येईपर्यंत करत राहिले.

“तक्रार सांगा.”

“माझ्या बहिणीला बरं नाही.”

मला तिने ओळखलं होतं. पण तिथले फोन रेकॉर्ड होतात आणि साहेब खुर्च्यांमागे फेऱ्या घालत असतात.

“बरं,” ती म्हणाली. “पत्ता सांगा.”

मी सांगितला. तळ्यामागचं फाटक, सरळ आत, जिथे बाकडं नाही ते झाड. “मी इथेच उभी आहे ताई. ऊठ आणि ये.”

ती इतका वेळ काही बोलली नाही की मला वाटलं, उठली. मागे दुसरे फोन वाजत होते.

“नाही हो बाई,” ताई म्हणाली, “तो भाग आमच्याकडे येत नाही.”