लाल भात आणि माझा गॅस

इथे आखातात आमच्या ऑफिसात माणसं चाळीस आणि मायक्रोवेव्ह एक. डबा हातात धरून रांगेत उभं राहायचं आणि गप्पा मारायच्या. किस्से साचणारच!

एकदा माझ्या डब्यात भेंडी होती. लोरेन ओरडली, "ही तर आमची!" लोरेन अमेरिकेची, पार दक्षिणेच्या किनाऱ्यावरची. मागून सेनेगलची फातू म्हणाली, "तुमची? आमच्याकडून गेलीय ती!"

मी म्हटलं, "खुशाल भांडा. डबा तेवढा माझा आहे!"

*

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी लोरेनकडे चवळी-भात खातात, नशीब उघडतं म्हणून. यंदा मीही उसळ नेली. फातू पहिल्याच घासाला थबकली. "चवळीत गूळ?"

"नशीब उघडायचंच आहे, तर गोड उघडू दे!"

*

एकदा मी सहज विचारलं, "तुम्हा दोघींचं जेवण इतकं सारखं कसं?" फातूने लोरेनकडे पाहिलं. लोरेननेच सांगितलं. फातूच्या किनाऱ्यावरच्या लोकांना भातशेती यायची, म्हणून त्यांना पकडून, गुलाम करून लोरेनच्या किनाऱ्यावर नेलं.

"बरोबर काही घेऊ दिलं नाही. हात तेवढे आले."

मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी डबा गारच खाल्ला.

*

लोरेनची आजी गेल्या वर्षी गेली. तिचा टोमॅटोचा लाल भात कुणीच लिहून ठेवला नव्हता. ऑगस्टमध्ये सगळं खानदान जमणार आणि तो भात लोरेनने करायचा, असं ठरलेलं. पोरगी रडकुंडीला आली होती. तिच्या एका खोलीच्या स्टुडिओ फ्लॅटमध्ये विजेची शेगडी, म्हणून दर शनिवारी ती अल कुसैसला माझ्या घरी येऊन माझ्या गॅसवर प्रयोग करायची.

"आजी भात किती वेळ ठेवायची?" मी विचारलं.

"होईपर्यंत!"

म्हणजे आमच्या सासूबाईंचंच माप. भात छान व्हायचा, पण एक घास घेऊन लोरेन मान हलवायची. "काहीतरी राहतंय."

माझा आर्य तिसरी प्लेट भरत म्हणायचा, "आई, प्लीज लेट हर फेल अगेन!"

*

मग फातूची आई डकारहून आली. इंग्रजीचा गंध नाही. शनिवारी त्यांनाही बोलावलं. तळाशी भात लागल्याचा वास आला, तशी दर वेळेसारखी मी गॅस बंद करायला धावले. मावशींनी माझा हात धरला. चांगली पाच मिनिटं सोडलाच नाही! माझा सगळा जीव पातेल्यात.

मग त्यांनीच गॅस बंद केला. भात परातीत काढला, तळाला चिकटलेली तांबूस खरवड पळीने सोडवली आणि आम्हा सगळ्यांना वगळून ती लोरेनच्या ताटात वाढली.

लोरेनने एक तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावताच घरी फोन लावला. तिकडे सकाळचे सहा.

"मम्मा, ऊठ! सापडलं!"