नवव्या ग्रहावर अडलेलं जहाज

वैभववाडी स्टेशनातून बाजाराकडे यायला लागलं, की डाव्या हाताला वरच्या मजल्यावर एक पाटी दिसते: टायपिंग व कॉम्प्युटर. तो क्लास दत्ताराम नारकराचा. वय अठ्ठेचाळीस, अंगाने किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या खांद्यापलीकडे बघायची खोड. बाजारात सगळे त्याला सर म्हणतात. सर जिना चढून दिसेनासे झाले, की 'आभाळवालो' म्हणतात.

हे आभाळाचं काय प्रकरण आहे ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

दत्तारामने एकट्याने, अकरा वर्षं खपून, कॉम्प्युटरवरचा एक खेळ केला. नाव 'आभाळसडा'. खेळणाऱ्याने एक जहाज घ्यायचं आणि अंतराळात निघायचं. वाटेल त्या ग्रहावर उतरावं, माणसं जोडावीत, त्यांच्या भांडणात पडावं किंवा पडू नये, माल घ्यावा, विकावा, कोणी आडवं येणार नाही. तीनशे बारा ग्रह. प्रत्येकाची हवा वेगळी, माणसं वेगळी, तंटे वेगळे. मोठमोठ्या कंपन्यांत असलं काम शेकड्यांनी माणसं करतात म्हणे. इथे एक दत्ताराम, एक जुना कॉम्प्युटर, आणि वीज गेली की तोही नाही.

घर शेतकऱ्याचं. भात, थोडे काजू, चार आंब्याची कलमं. दत्ताराम शिकायला घाट चढून कोल्हापूरला गेला, डिप्लोमा घेऊन तोच घाट उतरून परत आला. वर्गातले बाकीचे पुण्याला राहिले. हा का नाही राहिला, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "थंय आभाळच दिसत नाय." लोकांना वाटे मस्करी करतो. तो मस्करी करत नव्हता. त्या माणसाला मस्करी येतच नाही, हे त्याच्या बायकोला लग्नानंतर महिनाभरात कळलं.

बायको मथुरा, पंचायत समितीत कारकून. बाई सरळ आहे. नवरा पीत नाही, जुगार खेळत नाही, कॉम्प्युटरसमोर बसून ग्रह करतो, तर करू दे बापडा, असा तिचा हिशेब. पण खेळ लोकांसाठी खुला झाला त्या वर्षी तिने एकदाच विचारलं, "ह्यो खेळ कोणी पुरो केल्यान काय?"

"अजून नाय," दत्ताराम म्हणाला.

"एकान पण नाय?"

"नाय."

ती भाकरी थापत राहिली. पण तो प्रश्न दत्तारामच्या डोक्यात जाऊन बसला तो उठेचना. पैसे नकोत, नाव नको. एका माणसाने, फक्त एकाने, आभाळसडा शेवटपर्यंत खेळावा, शेवटच्या ग्रहावर पाऊल टाकावं. तेवढं झालं की आपण इतकी वर्षं काय करत होतो ते आपल्याला सांगता येईल, असं त्याला वाटायचं.

आता खरं बोलायचं तर खेळ ओबडधोबड होता. ओबडधोबड म्हणजे काय? दुकानदार कमरेपर्यंत जमिनीत रुतलेले. तशा स्थितीत हसतमुखाने विचारतात, काय देऊ? दार उघडावं तर पलीकडे भिंत. एका ग्रहावर पाऊस खालून वर पडतो; तो चुकून पडायला लागला होता, पण दत्तारामला आवडला म्हणून तसाच ठेवला. अख्ख्या अंतराळात दुकानं दुपारी एक ते चार बंद. बाहेरचे लोक लिहायचे, ही चूक दुरुस्त करा. दत्तारामला कळेचना चूक कुठली. दुपारी दुकान उघडं ठेवून माणसाने जेवायचं कधी?

आणि राखणदार. प्रत्येक ग्रहाला एक राखणदार, त्याला पानाचा विडा ठेवून मगच उतरायचं. न ठेवता उतरलात तर पायाखालची जमीन नाहीशी होते आणि माणूस खाली, खाली, खाली पडत राहतो. हे खेळात कुठेही लिहिलेलं नाही. कोणीतरी त्याला म्हटलं, अहो सर, निदान सूचना तरी द्या. तर म्हणतो कसा, "ह्यां काय सांगूक व्हया?" घ्या! कपाळावर हात मारावा की काय करावं?

लोकांनी चेष्टा केली ती केलीच. एकाने लिहिलं: जग अफाट आहे, पण दार उघडत नाही. दत्तारामने ते वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा दारं नीट केली.

दारांचं निभावलं असतं. खरी गोम वेगळीच होती. वाटेल तिथे भटकलं तरी शेवटच्या ग्रहाच्या वाटेवर ठरलेले नऊ मुक्काम होते; जहाज नवव्या मुक्कामाच्या ग्रहावर पोचलं, की तिथून हलायचंच नाही. शेवटचा ग्रह त्याच्याच पुढे. कोणीही या, कसेही या, जहाज नवव्या ग्रहावर ठाण मांडून बसायचं. यंत्र सुरू, दिवे सुरू, आणि उड्डाण नाही. चार वर्षं दत्तारामने त्या एका दोषापायी डोकं फोडून घेतलं. यंत्राचा भाग दोनदा मुळापासून लिहिला. शेवटी हात टेकले.

खेळाच्या पहिल्या पानावर या शहाण्याने स्वतःचा मोबाईल नंबर टाकला होता, तक्रारीसाठी. त्यामुळे एक बाई त्याला नियमाने फोन करायची. भक्ती तिचं नाव, राहणारी रेडीची. तिथे बंदराकडे जाणाऱ्या मालाच्या ट्रकांचं वजन करायच्या काट्यावर ती नोकरीला. पावसाळ्यात बोटी थांबल्या, की काट्यावर काम असं नसतंच. खुर्ची, पंखा, आणि ऑफिसचा लॅपटॉप. कुणाच्या तरी फॉरवर्डमधून आभाळसडा तिच्यापर्यंत आला आणि ती त्याला चिकटली. तिने विडा न विसरता ठेवला, दुपारी एक ते चार जहाजात झोप काढली. तिला त्यात वावगं काही दिसलंच नाही. आणि बाकीच्यांसारखीच नवव्या ग्रहावर येऊन अडकली. तीनदा पहिल्यापासून खेळली. तीनदा अडकली.

"सर, ह्यां जहाज उडात की नाय?" दर दोन-तीन महिन्यांनी तिचा फोन.

"बघतंय गो बाय. जरा कळ काढ."

"कळ काढून काढून माजी कंबर ऱ्हवली सर," भक्ती म्हणायची आणि खळखळून हसायची. त्या हसण्याने दत्तारामला जास्त लागायचं. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याने मथुरेजवळ बोलूनही दाखवलं.

आता त्या नवव्या ग्रहावर काय होतं ते ऐका. जहाजावर यंत्र सांभाळणारी एक म्हातारी होती. त्या ग्रहावर तिचं गाव. तिथे ती जहाज सोडते, सगळ्यांचा निरोप घेते आणि उतरून जाते. बाकीचे पुढे जातात. या म्हातारीला आवाज दिला होता दत्तारामच्या आईने, माईने. घरात, भर दुपारी, डोक्यावरून वाकळ घेऊन, मोबाईल तोंडाशी धरून माई आठवडाभर बोलली. यंत्राला शिव्या घालण्याचे प्रसंग तर तिने असे रंगवले की शेजारची काशीबाई धावत विचारायला आली, कुणाशी भांडण झालं म्हणून.

शेवटचं वाक्य आलं. दत्तारामने लिहिलं होतं, 'बरां तर, मी जातंय.'

माईने वाकळ बाजूला केली. "ह्यां मी म्हणूचंय नाय."

"कित्याक?"

"मेल्या, घरातसून भायर पडताना 'जातंय' म्हणतत काय कोण? तुका काय वळण आसा की नाय? 'येतंय' म्हणतत."

"माई, पण ती कायमची जाता. परत येवची नाय ती."

"म्हणान काय अभद्र बोलूचा? तू लिव काय लिवचा तां. माज्या तोंडातसून 'येतंय'च येतला."

आणि तेच आलं. 'बरां तर, मी येतंय हां.' दत्तारामने कागदावर खाडाखोड केली, तेच वाक्य खेळात घातलं आणि विसरून गेला. विसरण्यासारखंच होतं. त्याच्या घरातलं कोणीही, कधीही, 'जातंय' म्हणून उंबरा ओलांडलेला नाही.

चार वर्षांनी ब्राझीलमधल्या एका माणसाचा निरोप आला. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, मालवणी तर लांबच. तो प्रत्येक वाक्य मशीनमधून आपल्या भाषेत करून घेऊन खेळत होता. त्याने अगदी नम्रपणे विचारलं होतं: म्हातारी 'मी येते' असं सांगून गेली. मी चार दिवस तिची वाट पाहतो आहे. ती नेमकी कधी येणार?

दत्ताराम मोठ्याने हसला. क्लासातल्या मुली टायपिंग थांबवून बघायला लागल्या, कारण सरांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. मग हसता हसता तो एकदम थांबला.

खेळ त्याने असा रचला होता, की माणसाच्या तोंडच्या क्रियापदावरून जहाजाला कळावं, कोण चढतंय आणि कोण उतरतंय. 'जाणे' असेल तर त्या माणसाचं नाव जहाजाच्या यादीतून काढायचं. 'येणे' असेल तर माणूस येतो आहे, तो चढेपर्यंत उड्डाण करायचं नाही. म्हातारी 'येतंय' म्हणाली. जहाजाने शब्दाला शब्द मानला आणि तिची वाट बघत बसलं. यंत्रात काडीचाही दोष नव्हता. ते वाक्य दत्तारामने हजार वेळा ऐकलं होतं. भक्तीने ऐकलं होतं, ज्या कोणी मराठी माणसांनी खेळ खेळला त्या सगळ्यांनी ऐकलं होतं. प्रत्येकाच्या कानाने त्याचा अर्थ 'गेली' असाच घेतला. एवढ्या लोकांत 'येते म्हणजे येते' असं समजणारा निघाला तो ब्राझीलचा.

माईचं वाक्य त्याने तसंच ठेवलं. त्या वाक्याला जहाजासाठी जोडलेली खूण तेवढी बदलली, 'येणे'च्या जागी 'जाणे'. दोन मिनिटांचं काम. चार वर्षं आणि दोन मिनिटं! त्याला स्वतःचा असा राग आला की तो खाली जाऊन चहा पिऊन आला, मग पुन्हा वर येऊन तपासलं. जहाज सुटलं. त्याने नवीन आवृत्ती सगळ्यांकडे पाठवून दिली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. मुलींची परीक्षा तोंडावर होती, खोलीत नुसता खडखडाट.

"सर, मी भक्ती. रेडीची."

"बोल गो बाय. आता काय अडला?"

"अडूक नाय. पोचलंय."

दत्ताराम उठून उभा राहिला. "शेवटच्या ग्रहार?"

"व्हय. अर्धो तास झालो. फिरतंय." ती म्हणाली. "सर, हंय काय नाय."

"विडो ठेवलंस?"

"ठेवूक गेलंय. पण राखणदारच नाय. नुसती जमीन आसा, खंयपर्यंत बघशात थंयपर्यंत. आणि एक पाटी. 'काम चालू आहे, सहकार्य करावे.'"

ती पाटी त्यानेच लावली होती. पहिल्या वर्षी, तात्पुरती. नंतर तीनशे अकरा ग्रह केले, त्यांचे पाऊस केले, वारे केले, तंटे केले, आणि त्या एका ग्रहाकडे तो फिरकला नाही. आधी वाटायचं, एवढं संपवू मग करू. मग जहाज नवव्यावर अडायला लागलं आणि घाईच उरली नाही. एक माणूस पोचावा म्हणून चार वर्षं जीव टाकला, आणि पोचल्यावर त्याला काय दाखवायचं याचा विचार दत्तारामने एकदाही केला नव्हता. हे त्याला आत्ता, फोन कानाला लावलेला असताना कळलं. लाज वाटली त्याला, भर वर्गात उभं राहून.

"फुडच्या अपडेटात येतला सगळा," तो म्हणाला. कंपन्या म्हणतात तसं.

"सर, एक इचारू?"

"इचार."

"अकरा वर्सां तुमी ह्यां करतास. हंयसर कोण येतला, असा तुमका कधी वाटलाच नाय?"

थाप मारता आली असती. वीज नसते, वेळ नसतो, एकटा माणूस, सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि सगळं खरंही होतं. दत्ताराम खिडकीबाहेर बघत राहिला.

"नाय," तो म्हणाला. "नाय वाटला गो."

"माका वाटलेला," भक्ती म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. वजनकाट्यावर आकडा सांगावा तसं म्हणाली. मग तिनेच विचारलं, "मगे आता मी काय करू? मागे फिरू?"

"नको. फिरू नको. थांब थंयसरच."

"बसूक पण काय नाय हंय, सर."

"अर्धो तास दी माका," दत्ताराम म्हणाला.

त्याने मुलींना सुट्टी दिली. परीक्षा आठवड्यावर आलेली, तरी दिली. शेवटच्या ग्रहाची फाइल उघडली. महाल, किल्ला, शहर, गेल्या अकरा वर्षांत मनात आलेलं सगळं एकदम घालावंसं वाटलं, आणि त्यातलं काहीच अर्ध्या तासात होण्यासारखं नव्हतं. त्याने एक बाकडं केलं. साधं, चार पायांचं, शाळेत असतं तसं. पाटीच्या शेजारी ठेवलं आणि रेडीला पाठवून दिलं. अर्ध्याऐवजी पाऊण तास लागला.

मग स्वतःच फोन लावला. "इला काय बाकडां?"

"इला," भक्ती म्हणाली. तिकडे कुठलातरी ट्रक मागे घेत होते, त्याची पींपीं ऐकू येत होती. "पण उलटां आसा सर. पाय वर."

"थांब, थांब! आता नीट करतंय, दोनच मिंटा..."

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "बसलंय मी."