फोन न येणारा कॅमेरा

माझी बायको भिंत चढती. असं सांगितलं की समोरचा मानूस माझ्याकडं दयेनं बघतो, म्हनून आधीच सांगतो, तिचं डोकं ठिकानावर हाय. डोक्याची अडचन आमच्या घरात एकालाच हाय आन् तोच हे सांगतोय.

ती चाकनला एका कंपनीत पॅकिंगला. कंपनीनं एकदा बायकांची सहल काढली, लांब कुठं न्हाई, शहरातच दोर बांधून चढायची एक उंच भिंत हाय तिथं. बाकीच्या बायकांनी खाली उभं राहून फोटू काढले. हिनं ओढनी कमरेला बांधली आन् वर जाऊन घंटी वाजवूनच खाली आली. तवापासनं दर रविवारी तिथल्या चढनाऱ्यांच्या क्लबाबरोबर ती भिंत चढती, डोंगराकडंचे कातळ चढती. मी डबा घेऊन खाली बसतो.

मला उंचीचं वावडं हाय. घरातली ट्यूब गेली तर ती स्टुलावर चढती आन् मी डोळे मिटून स्टूल धरतो. शाळा बी मी चौथीतच सोडली. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर व्हता.

तर क्लबात एक मोठ्या मॅडम हायेत. त्या दिवाळीच्या सुट्टीत पोरींचं शिबिर घेतात. शिकवायला बायका पायजेत, पन नियम एक: खऱ्या कातळावर खालपासनं वरपतुर चढतानाची फिल्म पाठवायची, मधी कुठं कापलेली न्हाई, हातपाय दिसले पायजेत. बायकोला ते शिबिर पायजेच व्हतं. लायनीवर दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी मारायची, तिथं कोन इचारनार तुला काय चांगलं जमतं? तिला एकदा कोनाची तरी मास्तरीन व्हायचं व्हतं. हे ती मला बोलली न्हाई. भाकरी थापताना भाकरीला सांगत व्हती, "आधी पायाकडं बघायचं, मग हात उचलायचा." मी ऐकलं.

फिल्म काढायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्यांदा मी मोबाइलवर काढली. ती ऐन मधी असताना आईचा फोन आला, "दळान आनलंस का रं?" मी म्हनलं, आनतो. तेवढ्यात रेकॉर्डिंग बंद. घरी येऊन बघितलं तर बायको मुंगीएवढी, त्यात अर्ध्या कातळावर, आन् पुढं काय न्हाईच. जशी काय अजून तिथंच लटकलीय.

बायको चिडली की आवाज बारीक करती. बारीक आवाजात म्हनली, "अहो, फोन न येणारा कॅमेरा आणा. आणि मी माणसाएवढी दिसेन असा आणा."

दापोडीला रेल्वेच्या कडंला एका गल्लीत लग्नाचं शूटिंग करनाऱ्याचं दुकान हाय. त्याच्याकडं जुना व्हिडिओ कॅमेरा इकायला हाय असं कळलं व्हतं.

"काय शूट करायचंय भाऊ?"

"बायको."

"लग्न कधी?"

"लग्न होऊन लय वर्षं झाली. बायको डोंगर चढती."

त्यानं मला पानी दिलं. मग मी मोबाइलची सगळी गोष्ट सांगितली.

"अहो, फ्लाइट मोडवर टाकायचा ना फोन!"

"मला वाटलं ते इमानात बसल्यावरच लावायचं असतं. उगं दंड बिंड व्हायचा."

तो काउंटरखाली वाकला. हसत व्हता का काय शोधत व्हता ते दिसलं न्हाई. वर आला तर हातात काडेपेटीएवढा कॅमेरा. "हा हेल्मेटला लावतात. सगळे चढणारे हाच वापरतात."

"यात तिचे हातपाय दिसत्याल?"

"हात दिसतील. तिला जे दिसतं ते दिसतं."

"तिला दगड दिसतो वो. तासभर दगड कोन बघनार?"

मग त्यानं ड्रोन दाखवला. वरातीवर सोडायचा व्हता तो. मी म्हनलं, कातळाच्या कपारीत आग्या मोहोळ हाय, पंख्याचा वारा लागला तर वरात आमचीच निघंल. ते त्याला पटलं.

शेवटी त्यानं कपाटातनं तो काळा, हातात धरायचा, बाजूला पडदा उघडायचा कॅमेरा काढला. "आता लग्नाला हा कोणी विचारत नाही. पण झूम बघा."

मी दारात उभं राहून स्टेशनाकडं झूम केला. पल्याडच्या फलाटावर एक मानूस नाकात बोट घालत व्हता. मला त्याचं नख दिसलं. कापायला झालं व्हतं. मी म्हनलं, बास, हाच द्या.

जादा बॅटरी घेतली, कार्ड घेतलं. मग त्यानं एक माइक काढला, त्यावर केसाळ टोपी. मला वाटलं मांजराचं पिल्लू झोपलंय.

"डोंगरावर वारा असतो," तो म्हनला. "ही टोपी घातली की वारा गाळला जातो. बोलणं मात्र सगळं येतं. कुजबुज सुद्धा."

घेतला. मला ते पिल्लू आवडलंच व्हतं.

"आता स्टँड. पाय वेगळे, वर कॅमेरा बसतो ते डोकं वेगळं."

"डोकं वेगळं इकता?"

"डोक्यावरच सगळं आहे भाऊ. डोकं चांगलं घ्या."

माझ्या घरात हे मला रोज ऐकवतात, दुकानात बी तेच. मी म्हनलं, "चाकनच्या मानसाला लोखंडाचा स्टँड इकताय व्हय? आमी बनवू."

तो काय तरी सांगायला लागला व्हता, डोंगर, वर, हळूहळू असं काय तरी. पन मी पिल्लू घेऊन निघालो व्हतो.

माझा एक दोस्त वेल्डर हाय. चाकनला एका शेडमधी कंपन्यांसाठी ट्रॉल्या बनवतो, पार्ट ठेवायच्या. त्याच्या आयुष्यात दुश्मन एकच: ट्रॉली घ्यायला येनारा तपासनीस. तो येतो, ट्रॉलीला गदागदा हालवतो, जरा हालली की परत. त्यामुळं दोस्ताला हालनारी वस्तू बघितली की ताप चढतो. आमच्या घरचा झोपाळा त्यानं दोनदा वेल्ड करायला काढलाय.

"कॅमेरा हालला न्हाई पायजे," मी म्हनलं.

"भावा, भूकंप आला तरी हालनार न्हाई."

तीन पाय, जाड पाइप, खाली पत्रे, मधी आडव्या पट्ट्या. "चाकं लावू का?"

"डोंगरावर?"

"बरं, मग हुक लावतो. क्रेननं उचलायला."

मी हो म्हनलो. त्या टायमाला बरोबर वाटलं. वर पिवळा रंग दिला, कॅमेरा बोल्टनं आवळला, आन् पान्याच्या मागं पाइप लावून अजून आवळला. दोस्त म्हनला, "कॅमेराच वेल्ड करतो ना, एक टाका." तेवढं मी नको म्हनलं. मग त्यानं पातळी बघायची बुडबुड्याची नळी लावून बघितली. बुडबुडा बरोबर मधोमध. आमी दोघं त्या बुडबुड्याकडं बघत उभं राहिलो, डोळं भरून आलं. आमी वाऱ्याचा इचार केला, भूकंपाचा केला, क्रेनचा केला. बायको वर जानार हाय, एवढा एकच इचार दोघांपैकी कोनाला आला न्हाई.

रविवारी सकाळी कातळाखाली गेलो. क्रेन न्हवती, म्हनून हुकात बांबू घालून दोघांनी खांद्यावर आनला. वाटंत एका म्हाताऱ्यानं इचारलं, "देव कुठला हाय?" दोस्त म्हनला, "व्हिडिओ हाय बाबा." म्हाताऱ्यानं तरी पन हात जोडले.

बायको बूट आवळत व्हती. क्लबातली एक पोरगी खाली दोर धरून उभी. बायकोनं बारीक आवाजात सांगितलं, "मी एकदाच चढणार. ऊन आलं की कातळ तापतो, हात घसरतात, आणि मोहोळ पण उठतं. आज रात्री मॅडमना पाठवायची शेवटची मुदत. सगळं नीट आहे ना?"

"जरा बी हालत न्हाई," मी म्हनलं.

ती बरं म्हनली आन् दगडाला हात लावून कपाळाला लावला. मी बटन दाबलं.

काय दिसत व्हती राव! पडद्यावर मानसाएवढी. बोटं, बुटाचं टोक, हाताच्या घामासाठी कमरेला लावलेली खडूच्या पुडीची पिशवी, सगळं. मी दोस्ताला डोळा मारला. मग तिचं डोकं पडद्याच्या वर गेलं. मग खांदे गेले. मग कंबर. मी कॅमेरा वर करायला हात लावला. हालंना. जोर लावला. हालंना. शेवटी एक बूट राहिला, त्याच्याकडं मी लय आशेनं बघत व्हतो. तो बी गेला. पडद्यावर दगड. एकदम स्थिर, एकदम स्वच्छ, पातळीत बसलेला दगड.

"पाना!" मी म्हनलं.

"शेडमधी," दोस्त म्हनला.

"आता रं?"

"हालनार कसा? मी बनवलाय," तो म्हनला. तशात बी त्याला जरा बरं वाटलं व्हतं.

मग मला सुचलं. कॅमेरा हालत न्हाई तर स्टँड हालवायचा. पुढचा पाय उचलला की कॅमेरा वर बघनार. दोघांनी जोर लावून पुढचा पाय एका धोंड्यावर ठेवला. पडद्यात बूट आला. पन ती चढतीच हाय की! मी म्हनलं, "तू खाली शिर. पाय पाठीवर घे." दोस्त बैलासारखा वाकला, मी पुढचा पाय त्याच्या पाठीवर ठेवला, आन् मागं जाऊन जमिनीवर उताना पडलो. मागचे दोन पाय दोन हातांत, डोळा पडद्यावर. कॅमेरा मागं झुकलेला, त्यामुळं मांजराचं पिल्लू बरोबर माझ्या तोंडाशी.

"उठ! हळू. अजून. बास! आता अजून!"

"आरं माझी कंबर!"

"कंबर दिसतीय, आता डोकं दाखव!"

"माझी! माझी कंबर!"

पन बायको पडद्यात आली व्हती. सगळी. ती आता अवघड जागेला व्हती, जिथं कातळ पोटासारखा बाहेर येतो. एक हात वर, पाय शोधत. तेवढ्यात दोस्ताचा गुडघा तांबड्या मुंग्यांच्या वारुळात गेला.

त्यानं जो आवाज काढला तो मानसाचा न्हवता. पन पाठ हालवली न्हाई. आयुष्यभराची सवय. नुसता जागेवर बोंबलत राहिला, "चावल्या! वर चढल्या! आरं लय वर चढल्या!"

आन् मी बी गप बसलो न्हाई. जो मानूस स्टूल धरताना डोळे मिटतो तो बायकोला सांगत व्हता, "डाव्या अंगाला बघ! डाव्या! न्हाई, माझ्या डाव्या!"

वरनं आवाज आला, मोठा न्हाई, बारीकच. "अहो. तुम्ही या वर, मी कॅमेरा धरते."

मग तिनं श्वास सोडला, पायाकडं बघितलं, मग हात उचलला. मी पडद्यात बघत व्हतो. झूममुळं तिचं बोट माझ्या नाकासमोर, आन् त्या बोटावर सगळी बायको. मी तोंडातल्या तोंडात काय तरी पुटपुटलो. तिनं एका दमात पाय वर घेतला, कातळाच्या पोटावरनं पल्याड गेली, आन् वर जाऊन बसली.

दोस्त तसाच पँट झटकत ओढ्याकडं पळाला.

रात्री घरी टीव्हीला लावून बघितलं. सुरवातीला बायको, मग थोडा येळ दगड, मग आभाळ, मग दोस्ताचं टक्कल, आन् मग ती. तिरपी, जरा डुलती, पन वरपतुर सगळी, कुठं कापलेली न्हाई. आवाज मात्र त्या केसाळ पिल्लानं एक बी सोडला न्हवता. कंबर आली, मुंग्या आल्या, माझी डावी बाजू आली. आन् ऐन अवघड जागेला, सगळ्यात स्वच्छ, माझं पुटपुटनं: "देवा, हिला नीट खाली आन. जन्मभर भांडी मी घासतो."

बायकोनं ते पुन्हा लावलं. पुन्हा एकदा लावलं.

"आवाज काढून टाकू," मी म्हनलं. "दुकानवाला काढून देईल."

मला कळत व्हतं ती काय बघतीय. एवढी चांगली चढली आन् खाली हा तमाशा. शेवटी म्हनली, "आवाज काढला तर वाटेल मधे काहीतरी कापलंय. नियम नियम आहे. जसं आहे तसं पाठवा." आन् कूस बदलून झोपली. झोपली न्हाई, मला म्हाईत हाय, कारन मी बी झोपलो न्हाई.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमचा फोन आला. बायकोनं स्पीकरवर टाकला. आधी नुसतं हसू. लय येळ हसू. बायको खाली मान घालून. मग मॅडम म्हनल्या, "मधे थोडा वेळ तू दिसलीच नाहीस, पण तिथं सोपंच आहे. अवघड जागा मी चारचारदा बघितली. खाली दोन माणसं कोंबडी कापल्यासारखी ओरडतायत आणि तुझा पाय एकदाही थरथरला नाही. शिबिरात तीस पोरी असेच ओरडणार आहेत. मला तूच पाहिजेस."

बायको काय बोलली ते मला ऐकू आलं न्हाई, कारन ती उठून मोरीत गेली आन् तिनं नळ मोठा सोडला. बाहेर आली तवा तोंड धुतलेलं व्हतं.

फोन अजून चालूच व्हता. मॅडम म्हनल्या, "आणि हो, ते भांड्यांचं काय झालं? आमच्या क्लबात सगळे विचारतायत."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. दिवाळीला ती शिबिराला गेली, गळ्यात शिट्टी घालून. मी भांडी घासायला लागलो, अजून घासतोय. दोस्त बघायला आला व्हता. त्याचं मन भरून आलं आन् त्यानं भांडी निथळायला एक मांडनी बनवून आनली. पिवळी. जाड पाइपची. वर हुक हाय. मोरीत बसवली तवापासनं दार पुरतं उघडत न्हाई, आन् ती हालत न्हाई.