विजेत्यानं फिरवायची फळी

कोगनोळीचा नाका ओलांडला की निपाणीत भूपाल आप्पांना फोन करायचा आणि गाडी हमरस्त्यावरून खाली उतरवायची, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ. मी मूळचा येळ्ळूरचा, पोटापाण्यासाठी पुण्यात गोल्फ शिकवतो. गावी जाताना आप्पांच्या घरचा चहा चुकवला तर ते पुढच्या भेटीत चहाबरोबर टोमणेही वाढत. दीड-दोन महिन्यांपूर्वी असाच फोन केला. उचलला आक्कांनी, त्यांच्या पत्नीनं. "परशा, कुठं हैस? ...ये लगी. आप्पा गेलं रं सकाळी." मी गाडी कडेला घेतली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत, शिव्या घालत पुढे गेला आणि मला कितीतरी वेळ नुसता त्याचाच राग येत राहिला.

बेळगावात व्यावसायिक गोल्फची स्पर्धा व्हायची म्हटलं की पुण्यातले लोक हसतात. व्हायची. दरवर्षी संक्रांत झाली की शहराबाहेरच्या माळावर लांबलांबून खेळाडू यायचे, आणि ती सुरू केली होती निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं. आप्पांना या खेळाचा नाद कुणी लावला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण दर वेळी ते वेगळी गोष्ट सांगायचे. घराण्यात शेती, तंबाखू आणि देवळाची कमिटी यापलीकडे कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. आप्पांनी ओळखीपाळखीच्या व्यापाऱ्यांच्या मागे लागून बक्षिसं उभी केली, खेळाडूंना नातलगांच्या घरी उतरवलं आणि जेवण ठेवलं सूर्यास्ताच्या आत. जैनाघरची पंगत, तिथे सवलत नाही. कोलकात्याचा एक नामांकित खेळाडू पहिल्या संध्याकाळी उशिरा आला आणि उपाशी झोपला. दुसऱ्या दिवशी तो ऊन उतरायच्या आत ताटावर हजर होता, तोही सगळ्यांच्या आधी.

माळावर पाण्याची बोंब, त्यामुळे होलभोवती हिरवळ नव्हती. तेलात मळलेल्या वाळूचा दाबून बसवलेला गोल थर असायचा, त्याला ब्राऊन म्हणत. वाळूवर पावलं उमटतात, चेंडूची रेघ उमटते. म्हणून खेळून झालं की लांब दांड्याची लाकडी फळी गोल फिरवून वाळू सारखी करायची, मागच्याला कोरी करून द्यायची आणि मगच हलायचं. बाहेरचे खेळाडू आधी नाक मुरडायचे. त्यात आप्पांचा एक खास शिरस्ता होता. स्पर्धेच्या पहिल्या सकाळी पहिल्या ब्राऊनवर फळी फिरवायची ती गेल्या वर्षीच्या विजेत्यानं, आणि तोवर कुणी आपल्या क्लबला, गोल्फच्या काठीला, हात लावायचा नाही. "जिंकलास न्हवं? मग आता दुसऱ्याची वाट साफ कर," असं ते त्याला ऐकवायचे आणि काठावर उभे राहून "निधान, निधान" म्हणत राहायचे. हळू, सावकाश, असं कानडीत. फळी घाईनं ओढली की वाळूला लाटा येतात. पट मारताना, म्हणजे चेंडू हलकेच होलकडे ढकलतानाही त्यांचा तोच मंत्र. मराठी घरात वाढलेला मी गोल्फमधला पहिला धडा त्यांच्याकडून कानडीत शिकलो.

अशा एका संक्रांतीनंतर मी ती स्पर्धा जिंकलो. येळ्ळूरच्या पोरानं जिंकली म्हणून गावात फटाके वाजले. चषक देताना आप्पा कानाशी म्हणाले, "पुढच्या साली फळी तुझी." मला चषकापेक्षा त्याचंच अप्रूप वाटलं होतं. ती पाळी आलीच नाही.

त्याच वर्षी एक मोठा प्रायोजक भेटला. त्याची अट एकच होती, वाळू नको, हिरवळ पाहिजे. आप्पा हरखले. उन्हाळ्याच्या शेवटी सगळी ब्राऊन्स खणून काढली, गवत लावलं आणि प्रत्येक तुकड्याभोवती मातीचा बांध घातला, पाणी मुरावं म्हणून. निपाणीकडचा शेतकरी पावसाचा थेंब अडवतो, ते त्याच्या हाडातच मुरलेलं असतं. मी म्हणालो, "आप्पा, बांध नगो. हितला पाऊस तुमच्या निपाणीचा न्हवं, कणकुंबीच्या घाटाकडनं येतोय. एकदा लागला की सुट्टी न्हाय." ते हसले. "तू मला पाऊस शिकवतोस व्हय रं? चार पिढ्या तंबाखू लावतोय आम्ही." पाऊस लागला तो थांबेना. प्रत्येक बांधात तळं साठलं, बेडूक ओरडू लागले, गवत कुजून काळं पडलं. संक्रांतीला माळावर धड वाळूही नव्हती, धड हिरवळही नव्हती. प्रायोजकानं दुसरं शहर गाठलं. आमची स्पर्धा जी बंद पडली ती पडलीच... मला त्या प्रायोजकाचा राग आहे, पण खरं सांगायचं तर आप्पांचाही आहे. चांगलं चाललेलं त्यांनी आणखी चांगलं करायला घेतलं, तेही माझी पाळी तोंडावर आली असताना.

त्यानंतर दर चहाला एकच विषय. "यंदा करूया." मी हो म्हणायचो आणि बशीत चहा ओतायचो. पण गेल्या दिवाळीत त्यांनी मला घरालगतच्या वखारीच्या मागे नेलं. तिथे तेलाच्या वासाचं, तुळतुळीत, नवं ब्राऊन! स्वतः वाळू चाळून त्यांनी ते बसवलं होतं. बेळगावच्या जुन्या मंडळींना तिथे आणून दाखवायचं, पुन्हा वाळूवरच स्पर्धा सुरू करायला त्यांना राजी करायचं, असा बेत. "ब्राऊनच बरं हुतं रं परशा. मीच घालवलं. आता मीच आणून दावतो." एवढ्या वर्षांत चूक कबूल करताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मंडळी यायची ठरली होती... त्याच्या आधीच आप्पा गेले. सकाळी वखारीमागे पट मारत होते, छातीत कळ आली, तसेच घरात आले. पुन्हा उठले नाहीत.

परवा गेलो तेव्हा आक्का मला मागे घेऊन गेल्या. ब्राऊनवर ताडपत्री अंथरून चारी टोकांना दगड ठेवले होते. "माणसं याय लागली, तवाच झाकलं मी," म्हणाल्या आणि त्यांनी एक टोक उचललं. वाळूत आप्पांची पावलं होती. चेंडूची रेघ थेट होलपर्यंत गेलेली, आणि पावलं घराकडे वळलेली. फळी भिंतीला टेकून. आयुष्यात एकदाच त्यांनी ब्राऊन तसंच सोडलं होतं.

"आक्का, असंच झाकून ठेवा," मी म्हणालो.

"किती दिस ठेवू? त्येंस्नी असलं पसरल्यालं खपायचं न्हाय." त्यांनी फळी उचलून माझ्या हातात दिली. "शेवटचा जिंकल्याला तूच न्हवं? तुझ्यामागनं कोण जिंकलंच न्हाय. मग हे काम तुझंच."

दगड आणि ताडपत्री बाजूला केली आणि चपला काढून मी वाळूवर गेलो. होलपासून सुरुवात केली, एकेक वेढा बाहेर घेत. पहिलं पाऊल पुसलं गेलं आणि माझा हात भराभर चालू लागला, लवकर संपवायच्या घाईनं. वाळूला लाटा येऊ लागल्या. जन्मात गोल्फची एकही स्पर्धा न बघितलेल्या आक्का काठावरून हळूच म्हणाल्या,

"निधान, परशा... निधान."